गृहजाल, तारयुक्त : वेगमंदता व दोषनिदान

घरातील संगणक, दूरचित्रवाणी संच, मुद्रक इ. उपकरणे तांब्याच्या पिळीच्या तारा असलेल्या केबलींनी राउटरला व त्यामार्फत इंटरनेटला जोडली असता जी लहान संदेशवहन व्यवस्था तयार होते, तिला तारयुक्त गृहजाल म्हणतात. अशा जालातून माहिती अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी वेगाने वाहू लागणे म्हणजे वेगमंदता होय. बिनतारी, म्हणजे वाय-फाय, जोडणीत अंतर, भिंती व शेजारचे संच यांमुळे वेग सतत कमीजास्त होत असतो. तारेच्या जोडणीचे वर्तन याहून भिन्न असते. केबलीच्या दोन टोकांवरील उपकरणे १०, १०० किंवा १,००० मेगाबिट प्रती सेकंद अशा ठरावीक पायऱ्यांपैकी एक पायरी निवडतात व तीवर स्थिर राहतात. त्यामुळे मोजलेला वेग कोणत्या पायरीशी जुळतो, यावरून पुष्कळदा दोषाचे स्थान व स्वरूप यांचा अंदाज करता येतो.

महत्त्व : भारताच्या २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात २५६ किलोबिट प्रती सेकंद हा किमान वेग धरला होता, २०२३ मध्ये तो २ मेगाबिट करण्यात आला. प्रकाशीय तंतूंचा प्रसार झाल्यावर शहरांतील घरांना १०० ते १,००० मेगाबिटांच्या योजना मिळू लागल्या. शिक्षण, परीक्षा, बँकेचे व्यवहार, वैद्यकीय सल्ला व घरून करावयाची नोकरी ही कामे या जोडणीवर अवलंबून राहू लागल्याने वेगमंदता ही केवळ गैरसोय राहिलेली नाही. निदान चुकल्यास ग्राहक अधिक वेगाची योजना घेतो किंवा नवा राउटर विकत आणतो. परंतु दोष केबलीच्या टोकाशी तुटलेल्या एखाद्या तारेत असेल, तर या खर्चाने काहीच साध्य होत नाही. उलट दोष सेवादात्याच्या बाजूस असेल, तर तो तसा आहे हे दाखविणारी मोजमापे ग्राहकापाशी नसल्यास त्याची तक्रार टिकत नाही.

ऐतिहासिक आढावा : गृहजालात वापरली जाणारी ईथरनेट पद्धती १९७३ मध्ये अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांच्या कार्यातून निर्माण झाली. मूळ प्रायोगिक जालाचा वेग २·९४ मेगाबिट प्रती सेकंद होता व सर्व संगणक एकाच समाक्ष केबलीस जोडलेले असत. पिळीच्या तारांवरून १० मेगाबिट वेगाने प्रेषण करण्याचे मानक १९९० मध्ये, १०० मेगाबिटांचे १९९५ मध्ये व १,००० मेगाबिटांचे (१ गिगाबिटाचे) १९९९ मध्ये संमत झाले. मध्यम दर्जाच्या केबलीवरून २,५०० व ५,००० मेगाबिट वेग देणारे मानक २०१६ मध्ये आले. प्रत्येक नवे मानक आधीच्या उपकरणांशी जुळवून घेणारे ठेवण्यात आले. ही सोय फार उपयुक्त असली, तरी तिची दुसरी बाजू अशी की, एखादा भाग जुना किंवा सदोष असता जाल बंद न पडता गाजावाजा न करता खालच्या पायरीवर चालू लागते.

एकके व अपेक्षित वेग : जोडणीचा वेग बिटांत, तर फाइलीचे आकारमान बाइटांत सांगण्याचा प्रघात आहे. एक बाइट म्हणजे आठ बिट असल्याने १०० मेगाबिटांच्या जोडणीवरून सेकंदास जास्तीत जास्त १२·५ मेगाबाइट माहिती येऊ शकते. पडद्यावर ११ किंवा १२ मेगाबाइट हा आकडा पाहून वेग नवव्या हिश्शावर आल्याची तक्रार पुष्कळदा केली जाते. ती निव्वळ एककांच्या घोटाळ्यातून उद्भवते.

शिवाय तारेवरील सर्व बिट उपयुक्त माहितीचे नसतात. माहिती पॅकेटांत विभागून पाठविली जाते. पूर्ण भरलेल्या प्रत्येक पॅकेटामागे पत्ता, चूक तपासण्याचा अंक, आरंभीची खूण व दोन पॅकेटांमधील सक्तीचे अंतर मिळून १,५३८ बाइटांइतका काळ खर्च होतो व त्यांपैकी सु. १,४६० बाइटच उपयुक्त असतात. म्हणून १०० मेगाबिटांच्या तारेवर सु. ९४ व १,००० मेगाबिटांच्या तारेवर सु. ९४० मेगाबिट हा निर्दोष जोडणीचा प्रत्यक्ष वेग होय. योजना ३०० मेगाबिटांची आणि मोजमाप मात्र वारंवार ९४ च्या आसपास येत असेल, तर मार्गातील कोठला तरी दुवा १०० च्या पायरीवर उतरला आहे, असे जवळजवळ निश्चितपणे म्हणता येते.

मार्गाचे घटक : सेवादात्याच्या केंद्रापासून आलेला प्रकाशीय तंतू घरातील एका छोट्या पेटीत संपतो व तेथे प्रकाशाचे विद्युत् संकेतांत रूपांतर होते. पुढे राउटर, भिंतीतील केबल, आवश्यक तेथे स्विच, शेवटची जोडकेबल व संगणकातील पोर्ट असे दुवे येतात. हे सर्व दुवे एकापुढे एक असल्याने संपूर्ण मार्गाचा वेग त्यांतील सर्वांत मंद दुव्याच्या वेगापेक्षा अधिक होऊ शकत नाही. वेगमंदतेचे निदान म्हणजे हा मंद दुवा शोधणे होय.

केबल व जोडणी : प्रमाणित केबलीत चार जोड्या म्हणजे आठ तारा असतात व तिचा अभिलक्षण संरोध १०० ओहम असतो. जोडीतील दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असल्याने बाहेरून येणारा व्यत्यय दोहोंवर सारखाच पडतो व ग्राही टोकास तो वजा होतो. १०० मेगाबिटांच्या पद्धतीत दोनच जोड्या वापरल्या जातात. एक जाण्यासाठी व एक येण्यासाठी. कनेक्टरातील १, २, ३ व ६ हे संपर्क त्यासाठी पुरतात. १,००० मेगाबिटांच्या पद्धतीत मात्र चारही जोड्यांवरून प्रत्येकी २५० मेगाबिट माहिती दोन्ही दिशांनी एकाच वेळी वाहते. म्हणून ४, ५, ७ व ८ या संपर्कांपैकी एकही तुटला, तर गिगाबिट वेग अशक्य होतो, परंतु १०० मेगाबिटांची जोडणी बिनबोभाट चालू राहू शकते. काही उपकरणे अशा वेळी आपोआप खालच्या पायरीवर येतात. इतर काहींत जोडणी पुनःपुन्हा तुटते व जुळते. घरगुती वेगमंदतेचे हे अत्यंत सामान्य कारण आहे.

दुसरा दोष अधिक फसवा आहे. संपर्क ३ व ६ हे एकाच पिळलेल्या जोडीचे असावे लागतात. क्रिंप करणाराने रंगक्रम न पाळता जोड्या १-२, ३-४, ५-६, ७-८ अशा ओळीने लावल्या व दुसऱ्या टोकासही तसेच केले, तर आठही तारा सरळ जोडल्या जातात आणि दिव्यांची साधी चाचणीपेटी केबल बिनचूक असल्याचे दाखविते. प्रत्यक्षात ३ व ६ या संपर्कांवरील संकेत दोन वेगळ्या जोड्यांतून जात असल्याने पिळाचा लाभ नाहीसा होतो, एका जोडीतील संकेत दुसरीत झिरपतो व पॅकेटे बिघडतात. आखूड केबलीत हा दोष लपून राहतो. लांब केबलीत उघड होतो. कनेक्टरापाशी पीळ १३ मिमी. पेक्षा अधिक उलगडल्यासही असाच, पण सौम्य परिणाम होतो.

तांब्याच्या केबलीची मानकानुसार कमाल लांबी १०० मी. असते : ९० मी. भिंतीतील व १० मी. जोडकेबलींची. घरात ही मर्यादा क्वचितच ओलांडली जाते. परंतु गृहसंकुलातील एका इमारतीवरून दुसरीवर केबल नेली असता ती सहज ओलांडली जाते. स्वस्त केबलींत तांब्याऐवजी वरून तांब्याचा पातळ थर दिलेल्या ॲल्युमिनियमाच्या तारा असतात. ॲल्युमिनियमाचा विशिष्ट रोध तांब्याच्या सु. दीडपटीहून अधिक असून तारा वाकविल्यावर लवकर तुटतात. केबलीतूनच वीज पुरविणाऱ्या कॅमेऱ्यांसारख्या उपकरणांसाठी अशा केबली वापरल्यास त्या अधिक तापतात. म्हणून त्या टाळणे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही इष्ट होय. निर्भेळ तांब्याच्या केबलीचा रोध १०० मी. ला एका तारेमागे ९·३८ ओहमपेक्षा अधिक नसावा, असा संकेत आहे.

हवामानाचाही परिणाम होतो. किनारपट्टीवरील दमट व खारट हवेत कमी प्रतीच्या कनेक्टरांचे संपर्क गंजतात. मॉन्सूनपूर्व गडगडाटी वादळांत उघड्यावरील तांब्याच्या केबलीत विजेमुळे क्षणिक उच्च दाब निर्माण होतो. पोर्टातील रोहित्र मानकानुसार १,५०० व्होल्ट दाब सोसू शकते. विजेचा लोट याहून किती तरी मोठा असू शकतो. अशा वेळी पोर्ट पूर्णपणे जळतोच असे नाही. एखादीच जोडी निकामी होऊन तो कमी वेगाने चालू राहतो. वादळानंतर एकाएकी उतरलेल्या वेगाचे कारण म्हणूनच पोर्टातही शोधावे लागते. इमारतीबाहेरील मार्गासाठी प्रकाशीय तंतू वापरणे हा यावरील खात्रीचा उपाय आहे, कारण काच विद्युत् संवाहक नाही.

पोर्ट व स्वयंनिर्धारण : राउटरावर ठळकपणे छापलेला वेग बहुधा बिनतारी भागाचा असतो. अनेक स्वस्त राउटरांचे तारेचे पोर्ट १०० मेगाबिटांचेच असतात. तंतू संपतो त्या पेटीतही काही वेळा एक पोर्ट गिगाबिटाचा व बाकीचे १०० मेगाबिटांचे असतात. अशा वेळी केबल शेजारच्या पोर्टात घालताच वेग दहापट होतो. संगणकास बाहेरून यूएसबी अनुयोजक लावला असल्यास तो कोणत्या पिढीचा आहे, हे पाहावे लागते. यूएसबी २·० चा मूळ वेगच ४८० मेगाबिट असल्याने त्यावर गिगाबिटाचा पूर्ण लाभ मिळणे शक्य नसते.

जोडणी होताच दोन्ही टोके आपापली क्षमता परस्परांस कळवून समान पायरी निवडतात. यास स्वयंनिर्धारण म्हणतात. एका टोकास वेग व द्विदिशा-प्रेषण हाताने ठरवून दिले व दुसरे टोक स्वयंनिर्धारणावरच राहिले, तर दुसऱ्यास वेग ओळखता येतो. पण दोन्ही दिशांनी एकदम प्रेषण चालले आहे, हे समजत नाही. ते पाळीपाळीने प्रेषण करू लागते. थोड्या रहदारीत सर्व ठीक भासते, परंतु मोठी फाइल पाठविताच टकरी होऊन वेग कोसळतो. म्हणून दोन्ही टोके स्वयंनिर्धारणावर ठेवावीत. १,००० मेगाबिटांच्या तांब्याच्या पद्धतीत ते आवश्यकच असते.

पॅकेटांचा नाश व विलंब : सर्व दुवे योग्य पायरीवर असूनही वेग कमी असू शकतो. इंटरनेटवरील बहुतेक वाहतूक टीसीपी या संकेतप्रणालीने होते. पॅकेट हरवले, म्हणजे मार्गात गर्दी झाली, असा अर्थ लावून तिची पारंपरिक रूपे आपला वेग कमी करतात. ही योजना १९८६ च्या अनुभवातून आली. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व तेथील विद्यापीठ यांमधील, केवळ ४०० यार्ड अंतराच्या जोडणीचा वेग ३२ किलोबिटांवरून ४० बिट प्रती सेकंदांवर आला होता. व्हॅन जेकबसन यांनी त्याचा अभ्यास करून १९८८ मध्ये गर्दी टाळण्याची रीत प्रसिद्ध केली.

ही रीत जालाचे रक्षण करते. परंतु सदोष केबलीमुळे हरवलेले पॅकेट व गर्दीमुळे हरवलेले पॅकेट यांत ती फरक करू शकत नाही. १९९७ मध्ये मांडण्यात आलेल्या सूत्रानुसार असा प्रवाह पॅकेटाच्या आकारमानाच्या सम प्रमाणात आणि फेरीकाल व नाशप्रमाणाचे वर्गमूळ यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. उदा., हजारात एक पॅकेट बिघडत असेल व फेरीकाल २० मिलिसेकंद असेल, तर एका प्रवाहास सु. २२ मेगाबिटच वेग मिळतो, मग तार गिगाबिटाची का असेना. फेरीकाल १०० मिलिसेकंद झाल्यास तो ५ मेगाबिटांच्याही खाली जातो. जवळच्या केंद्राशी घेतलेली चाचणी उत्तम येते व परदेशातील स्थळ मात्र रखडते, याचे हे एक कारण आहे.

याउलट, राउटरातील पॅकेटांची रांग फार लांब असल्यास पॅकेटे हरवत नाहीत, पण खोळंबतात. जाणाऱ्या दिशेचा वेग १० मेगाबिट असता रांगेत १ मेगाबाइट माहिती साठली, तर मागून येणाऱ्या पॅकेटास ०·८ सेकंद थांबावे लागते. घरातील एकाने छायाचित्रे साठवणुकीस पाठविण्यास प्रारंभ करताच दुसऱ्याचे दृक्‌संभाषण अडखळते, ते यामुळे. रांगेतील विलंब मोजून तिला आवर घालणाऱ्या पद्धती २०१२ नंतर प्रचारात आल्या असून काही राउटरांत त्या उपलब्ध आहेत. मात्र अशा सोयी चालू केल्यावर पॅकेटांचे काम राउटरातील मुख्य प्रक्रियकाकडे जाते व दुबळ्या राउटराचा कमाल वेग त्यामुळेच घटू शकतो.

सेवादात्याचा मार्ग : प्रकाशीय तंतूच्या प्रचलित जीपॉन पद्धतीत घराकडे येणारा सु. २,४८८ मेगाबिट व घराकडून जाणारा सु. १,२४४ मेगाबिट वेग एका शाखेवरील सर्व घरांत वाटला जातो. शाखेवर ३२ किंवा ६४ घरे असू शकतात. म्हणून सायंकाळी वेग कमी व पहाटे पूर्ण, असे नित्य दिसल्यास गर्दी घराबाहेर आहे, असे समजावे. तंतू फार वाकल्यास किंवा जोड मळल्यास प्रकाश क्षीण होतो. सामान्य वर्गातील पेटीस उणे ८ ते उणे २७ डीबीएम या पल्ल्यातील प्रकाश लागतो. पेटीच्या स्थितिपत्रकावर दिसणारा अंक उणे २७ च्या जवळ पोहोचला असेल, तर तंतूची तपासणी आवश्यक ठरते. तंतूच्या टोकाकडे डोळ्याने पाहू नये. त्यातील अवरक्त प्रकाश अदृश्य असला, तरी अपायकारक ठरू शकतो.

दोषनिदानाची पद्धती : निदान करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी व प्रत्येक मोजमाप वेळेसह लिहून ठेवावे. दोन गोष्टी एकदम बदलल्या व दोष गेला, तर कारण अज्ञातच राहते.

(१) प्रथम संगणकाच्या जालविषयक माहितीत जोडणीची पायरी पाहावी. ती १०० असल्यास वेगचाचणीची गरजच नाही. दोष त्या केबलीत किंवा तिच्या दोन पोर्टांत आहे. (२) निर्दोष असल्याची खात्री असलेली आखूड केबल घेऊन संगणक थेट राउटरास जोडावा व इतर उपकरणे बंद ठेवावीत. वेग पूर्ण मिळाला, तर दोष भिंतीतील केबल, स्विच किंवा जुनी जोडकेबल यांत आहे. (३) वेग तरीही कमी असल्यास राउटराचा पोर्ट बदलावा व नंतर दुसरा संगणक लावून पाहावा. (४) घरातील दोन संगणकांमध्ये आयपर्फसारख्या प्रणालीने चाचणी घ्यावी. हीत इंटरनेटचा संबंध येत नसल्याने घरातील तारांची परीक्षा स्वतंत्रपणे होते. (५) प्रथम राउटरास व नंतर बाहेरील स्थळास पिंग संदेश पाठवून फेरीकाल व नाश मोजावा. तारेने जोडलेल्या राउटरचा फेरीकाल सामान्यतः १ मिलिसेकंदाच्या आसपास असतो व एकही संदेश हरवू नये. मोठी फाइल पाठवीत असता बाहेरील फेरीकाल अनेक पटींनी वाढल्यास रांग लांब झालेली असते. (६) पोर्टाच्या नोंदीत बिघडलेल्या पॅकेटांची संख्या वाढत असल्यास केबल बदलावी. (७) अखेरीस हीच चाचणी पहाटे, दुपारी व रात्री सलग काही दिवस घ्यावी.

सामान्यतः आढळणारी मोजमापे व त्यांचा संभाव्य अर्थ पुढीलप्रमाणे असतो : वेग ९४ मेगाबिटांवर स्थिर — पोर्ट १०० मेगाबिटांचा अथवा केबलीतील एक जोडी तुटलेली, वेग ९ ते १० वर स्थिर — जोडणी १० च्या पायरीवर, पोर्ट किंवा केबल बरीच बिघडलेली, वेग ३०० च्या आसपास व योजना त्याहून मोठी — जुना यूएसबी अनुयोजक किंवा दुबळा राउटर, वेग सतत कमीजास्त व पॅकेटांचा नाश — सदोष संपर्क अथवा चुकलेला रंगक्रम, वेग पूर्ण, पण स्थळ उघडण्यास विलंब — नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा मंद, केवळ सायंकाळी मंद — सेवादात्याकडील गर्दी.

प्रतिबंधक उपाय : नव्या बांधकामात केबली निर्भेळ तांब्याच्या व किमान ५-ई, शक्य तर ६ वर्गाच्या असाव्यात. ५-ई वर्गाची केबल १०० मेगाहर्ट्‌झपर्यंत व ६ वर्गाची २५० मेगाहर्ट्‌झपर्यंत परीक्षिलेली असते. केबल तिच्या व्यासाच्या चौपटीपेक्षा लहान त्रिज्येत वाकवू नये, खिळ्यांनी चेपू नये व विजेच्या तारांच्या नळीतून नेऊ नये. शेवटची बाब विद्युत् सुरक्षिततेच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे. प्रत्येक खोलीपर्यंत रिकामी नळी ठेवल्यास पुढे केबल बदलणे किंवा तंतू घालणे सोपे जाते. काम संपताच दिव्यांच्या चाचणीवर विसंबून न राहता जोडणीची पायरी व प्रत्यक्ष वेग दोन्ही मोजून नोंद ठेवावी. पुढे दोष उद्भवल्यास तुलनेसाठी ही नोंद उपयोगी पडते आणि सेवादात्याकडे तक्रार करताना राउटराशी थेट जोडून घेतलेली दिनांकित मोजमापे हा ग्राहकापाशी असलेला सर्वांत सबळ पुरावा असतो.